विमानातल्या मुलाच्या आईची पत्रं

आयुष्यात मी तीन खोटी पत्रं वाचून दाखवली आहेत. तिन्ही एकाच बाईला, तिच्याच अंगणात बसून. माझ्या बायकोला हे पुष्कळ उशिरा कळलं, मुलांना अजून माहीत नाही. लिहून ठेवावं असं बरीच वर्षं वाटत होतं, पण दर वेळी लिहिताना मी स्वतःला थोडा बरा करून ठेवायचो आणि मग लाज वाटून कागद फाडायचो. आता जसं घडलं तसं लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवी मुंबई म्हणजे तेव्हा वाशीतल्या काही इमारती, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने, आणि बाकी सगळी भातशेती, मिठागरं आणि चिखल. मी नव्या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर सर्व्हेअर होतो. वय सत्तावीस, लग्न होऊन वर्ष झालेलं, वाशीला दीड खोलीत संसार. खारघरच्या डोंगरावर पाण्याची टाकी बांधता येईल का हे पाहायचं होतं. आम्ही तिघंचौघं सकाळी जीपने पायथ्यापर्यंत जायचो आणि तिथून दुर्बीण, तिपाई, मोजपट्ट्या खांद्यावर घेऊन चढायचो. वर ठाकर आदिवासींचे पाडे होते, थोडी नाचणी-वरी, आणि माणूस दिसणार नाही एवढं कारवीचं रान. खाली शहर उभं राहत होतं, पण वर आलं की ते कुणाच्या बोलण्यातही नसायचं.

डोंगरावर उंची मोजायची तर अजिबात हलणार नाही अशी एक वस्तू लागते. तिच्यावर लाल रंगाने बाण काढायचा, नंबर टाकायचा आणि सगळी मोजमापं तिथून धरायची. खडक चालतो, पण आम्हाला हवा तिथला खडक भुसभुशीत होता. पट्टी धरायला पाड्यावरचा एकजण रोजावर घेतला होता, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "लोखंड चालंल का?"

"कसलं लोखंड?"

तो कारवी बाजूला करत पुढे गेला. आत एक मोठं इंजिन अर्धं जमिनीत रुतलेलं होतं. भोवती वाकलेल्या नळ्यांचा सांगाडा, त्यातून वेली चढलेल्या. एका नळीवर पिवळ्या रंगाचे टवके शिल्लक होते.

"हे आलं कुठून?"

"वरनं," तो म्हणाला.

आम्ही हसलो. त्याने आकाशाकडे बोट केलं तेव्हा कळलं, की तो खरंच तेच सांगत होता. दुसऱ्या महायुद्धात मुंबईकडे विमान चालवायला शिकवत असत. त्यांतलं एक शिकाऊ विमान खाडीवरच्या धुक्यात वाट चुकून या डोंगराला धडकलं होतं.

इंजिन हलवून पाहिलं. हललं नाही. मी त्याच्यावर लाल बाण काढला, नंबर टाकला, आणि काम सुरू केलं.

"माज्या आयला इचारा त्याचं," संध्याकाळी उतरताना तो म्हणाला. "तिला समदं ठाव हाय. तिला कोनी इचारत नाय, म्हनून ती आमालाच सांगत बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारची भाकरी खायला आम्ही त्याच्या घरी गेलो. छपराला एके ठिकाणी भोक होतं, ते विमानाच्या पत्र्याने बुजवलेलं. चुलीपाशी फुंकणी होती, तीही त्याच विमानातल्या नळीची. त्याची आई पंचावन्न-साठीची असेल. काटक, कमी बोलणारी. विमानाचं नाव काढलं तशी ती काम सोडून समोर येऊन बसली.

ती तेव्हा विशीतली होती. भातकापणी झाल्यावर नवरा-बायको गवत कापायला गेले होते. आवाज झाला आणि ती दोघं धावली. विमानातला मुलगा बाहेर फेकला गेला होता. जिवंत होता. नवरा बेलापूरला वर्दी द्यायला डोंगर उतरून पळाला. जाऊन यायला संध्याकाळ होणार होती. ती एकटी त्याच्यापाशी बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पळसाच्या पानाचा द्रोण करून झऱ्याचं पाणी आणलं आणि पाजलं. सूर्य कलायच्या आधी तो गेला. मग लोक आले, झोळी करून त्याला खाली घेऊन गेले. पाटलाने तिच्या नवऱ्याचा अंगठा घेतला. तिला कुणी काही विचारलं नाही.

"त्याच्या आयला कोनी सांगलं आसंल का," ती मला म्हणाली, "का पोर एकटा नवता?"

मी म्हणालो, सरकारने कळवलं असेल.

"सरकारला काय ठाव? सरकार व्हतं का तिथं?"

मग म्हणाली, "तिला वाटत आसंल, रानात पडला, तोंडात पान्याचा थेंब नाय. ती जित्ती हाय तवर तिला कललं पायजे."

मी विचारलं, गोरा साहेब होता का? ती म्हणाली, "सायब कसला? माज्यासारका सावला व्हता. पानी म्हनला ना."

इथे माझी पहिली चूक झाली. बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातून आल्या. मी तिला समजावलं, की त्या काळी विमानं गोऱ्यांचीच असायची. तेल आणि धूर लागून तोंड काळं दिसलं असेल, आणि पाण्यासारखे दोनचार शब्द ते लोक इथे येऊन शिकायचेच. त्याच्याजवळ अख्खा दिवस बसलेली बाई ती, आणि मी तिला त्याचा रंग समजावून सांगत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकल्याला," एवढंच म्हणाली.

घरात देवांची टोपली होती. त्यातून तिने एक पितळी पट्टी काढली, दोन बोटांएवढी. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठोकलेले होते. नवऱ्याने ती विमानातून काढून आणली होती. "याच्यावरनं कलंल ना, कोनाचा व्हता तो? तू पत्र लिव."

मी लिहितो म्हणालो. मनापासून म्हणालो.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "लिहा की. फक्त एवढं बघा, पत्र गेलं की हवाईदलवाले येणार, पोलीस येणार, पंचनामा होणार. इंजिन उचलून नेलं तर आपली खूण गेली. सगळी टाकी त्या इंजिनावर उभी आहे. कशाला टेन्शन? उंचीची लेव्हल पुरी होऊ द्या, मग लिहा." त्यांनी मला थांबवलं नाही. मला सबब हवी होती, ती त्यांनी दिली. लेव्हल तीन महिन्यांत पुरी झाली. तोवर पट्टी कपाटाच्या खणात, दाढीच्या सामानामागे गेली होती. इंग्रजीत पत्र लिहायची मला भीती वाटायची हेही खरं. रविवारी लिहू, दिवाळीत लिहू, असं चाललं.

दसऱ्याच्या सुमारास मोजमापं पुन्हा तपासायला वर गेलो. ती वाटेवरच उभी होती.

"पत्र आलं?"

नाही म्हणायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा होता, की माझ्या तोंडून "आलं" निघून गेलं. पिशवीत ऑफिसचं एक परिपत्रक होतं, इंग्रजीत टाइप केलेलं. ते मी काढलं, अंगणात बसलो आणि वाचायला लागलो. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात वाचलेलं जे आठवलं ते सगळं घातलं. मुलाची आई जिवंत आहे, दूरच्या देशात एका खेड्यात राहते, थंडीत तिच्या दारापुढे बर्फ साचतं. तुम्ही माझ्या मुलाला पाणी दिलंत, तुमचे उपकार फिटणार नाहीत.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "बर्फात ती जलान कुठनं आनते?"

"शेजारी आणून देतात."

"दुसरा ल्योक नाय?"

"नाही."

"मंग म्हातारपनी कोन बघतं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईघाईने एक भाची कागदात शोधून काढली आणि तिला म्हातारीकडे राहायला पाठवलं.

तिने तो कागद मागून घेतला. हळदी-कुंकवाचं बोट लावून देवांच्या टोपलीत ठेवला. माझा जीव थोडा थोडा झाला, पण त्या दिवशी उतरताना मला बरंही वाटत होतं, हे लपवून चालणार नाही. एका बाईचा इतक्या वर्षांचा घोर मी पाच मिनिटांत उतरवला, असं मी स्वतःला सांगितलं.

टाकीचं काम झालं, तरी वर्षा-दोन वर्षांनी काही ना काही निमित्ताने त्या बाजूला जाणं व्हायचं. तिचा मुलगा खाली बेलापूरला भेटायचा आणि म्हणायचा, "आय इचारते, म्हातारी बरी हाय का?" मग मी पुन्हा एखादा कागद घेऊन जायचो. असे तीन झाले. दर वेळी ती त्या आईसाठी काही बांधून द्यायची. नाचणी, कडवे वाल, वाळवलेली मोहाची फुलं. "एवढ्या लांब टपालानं जाईल ना?" मी हो म्हणायचो आणि ते घरी घेऊन यायचो.

आम्ही ते खाल्लं. बायकोला तेव्हा पहिले दिवस होते, तिला नाचणीची आंबील सोसायची, दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. "कुठली हो ही नाचणी? किती गोड आहे," ती म्हणायची. साइटवरच्या लोकांनी दिली, असं मी सांगायचो. "त्या बाईंना एकदा घरी घेऊन या ना. साडी नेसवून पाठवू." मी विषय बदलायचो.

मग माझी आई आमच्याकडे राहायला आली. वडील गेल्यावर देशावरचं घर बंद करून आली, आणि वाशीच्या फ्लॅटमध्ये तिला करमेना. आमच्या मजल्यावर रायगडच्या किनाऱ्याकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. त्या भाभींची आणि आईची गट्टी जमली. एका दुपारी मी उलव्याच्या खाडीकडे मोजणीवर होतो आणि बायको शाळेत शिकवायला गेली होती. आई पलंगावरच गेली. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. भाभी पुढे आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मी होते रे जवळ. तिला धाप लागली तशी मी चमच्यानं पाणी घातलं. दोन चमचे प्यायली. एकटी नव्हती ती."

त्या एका वाक्यावर मी पुढचे तेरा दिवस काढले. कुणी काहीही बोललं की मला तेवढंच आठवायचं. चौदाव्या दिवशी सकाळी कपाटाचा खण उघडला, पट्टी काढली, आणि दिल्लीला हवाईदलाच्या जुन्या नोंदींच्या ऑफिसला पत्र लिहिलं. इंग्रजी जसं आलं तसं. पाऊण तास लागला. एवढ्या पाऊण तासासाठी मी सात वर्षं घालवली होती.

चार महिन्यांनी उत्तर आलं. त्यात नाव होतं, वय एकवीस, वडिलांचं नाव आणि गाव. गाव सातारा जिल्ह्यातलं. माझ्या गावापासून एसटीने दोन तासांचं.

सावळा होता, पाणी म्हणाला, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या गावच्या पत्त्यावर मी जे घडलं ते मराठीत लिहून कळवलं, फक्त माझा भाग सोडून. पंधरा दिवसांत त्या मुलाच्या धाकट्या भावाचं अंतर्देशीय पत्र आलं. निवृत्त शिक्षकाचं सुरेख अक्षर. लिहिलं होतं, की त्या वेळी फक्त तार आली. वडील मुंबईला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. आई नव्वदीपर्यंत जगली, दोन वर्षांपूर्वी गेली. 'तिचं एकच म्हणणं असे. त्याच्याजवळ कुणी होतं का, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. त्या माउलीला आमचा नमस्कार सांगा. आपणास ही माहिती केव्हा मिळाली?'

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे पट्टी माझ्या खणात पडून असताना पाच वर्षं ती आई जिवंत होती. रोज तेच विचारत होती. आणि मी एका बर्फातल्या बाईला भाच्या पुरवत होतो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती नाचणीबद्दल एक अक्षर बोलली नाही. "उद्याची रजा टाका आणि वर जा," म्हणाली.

मी गेलो तेव्हा ती अंगण सारवत होती. मुलगा उंबऱ्यावर बसून दोरी वळत होता.

"आज काम नाय?"

"नाही. रजा घेतली."

"मंग पत्र आलं."

"आलं. मावशी, हे खरं आहे. आधीची तीन खोटी होती. मी लिहिलंच नव्हतं."

तिचा हात थांबला नाही. कोपऱ्यापर्यंत सारवण पुरं केलं, हात धुतले, आत गेली आणि टोपलीतले तिन्ही कागद घेऊन आली. कुंकवाने त्यांचे कोपरे लाल झाले होते.

"मंग यावर काय लिवलंय?"

"नोकरांनी रजा कशी मागायची ते."

"आनि या?"

"पावसाळ्यात छत्र्या आणि गमबूट कुणाला मिळतील ते."

"आनि या?"

"ऑफिसच्या आवारात सायकली कुठे लावायच्या ते."

"सायकलीला हलद-कुकू लावलं आमी," मुलगा उंबऱ्यावरून म्हणाला.

ती हसली नाही. "नाचनी?"

"आम्ही खाल्ली. मी आणि बायकोने. तिला तेव्हा दिवस होते."

तिने हातातले कागद खाली ठेवले. "पोर बरा हाय?"

"बरा आहे."

"बरं," ती म्हणाली. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. "आता खरं वाच."

मी वाचलं. गावाचं नाव आलं तशी तिने थांबवलं. "ते कुठं हाय?"

"साताऱ्याकडे. एसटीने एका दिवसात जाता येतं."

"बरफ पडतो तिथं?"

"नाही."

"मी सांगलं व्हतं तुला. पानी म्हनला तो."

"हो, मावशी."

"तू म्हनलास, तेल लागलं आसंल."

मग मी त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेल्याचं वाचलं. ती उठली, घरामागे गेली. हंड्यातलं पाणी अंगावर ओतल्याचा आवाज आला. लांबच्या नातलगाच्या मरणाची बातमी आली की तिच्याकडे तशीच अंघोळ करत. आम्ही बाहेर बसून होतो. ती कोरडं लुगडं नेसून, केस निथळत, परत समोर बसली.

"लिव," ती म्हणाली.

मी पिशवीतून कागद काढला. ती सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत लिहीत गेलो. एकही शब्द सुधारला नाही. "लिव, त्याचं पाय मोडलं व्हतं, सावलीत नेता आला नाय. म्हनून मी उनाच्या अंगाला बसले. माजी सावली त्याच्या तोंडावर पडंल अशी. ऊन फिरलं तशी मीबी फिरले." थोडं थांबून, "लिव, दोनदा पानी प्याला. मंग आई म्हनला. मी हो म्हनले." मी तिच्याकडे पाहिलं. हे तिने इतक्या वर्षांत मला सांगितलं नव्हतं. "आनि लिव, कपालावर हात ठेवला व्हता, तो लोक येईपरत काडला नाय."

मी पूर्ण केलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"त्याच्या भावानं काय तरी इचारलंय ना? तुला कदी कललं म्हनून?"

"हो."

"मंग ते कुठं लिवलंस?"

टोपण पुन्हा काढलं. लिहायला वेळ लागला. झाल्यावर ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं, "मला ही माहिती सात वर्षांपूर्वी या बाईंकडून मिळाली. मी पत्र लिहितो म्हणालो आणि लिहिलं नाही. आपल्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. दोष माझा आहे."

तिने पुढे वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं. "हीच ना ती?"

"हीच."

पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "उद्या ऑफिसला जाताना टाकतो."

तिने नुसता हात पुढे केला. मी पाकीट दिलं. तिने ते पदरात बांधलं, पायात चपला सरकवल्या आणि वाटेला लागली. मी मागून. बेलापूरपर्यंत दोन तास चाललो, वाटेत ती एकदाच बोलली. दगड निसरडे आहेत, बघून ये, म्हणाली.

पोस्टाच्या पेटीपाशी तिने गाठ सोडली, पाकीट आत टाकलं आणि पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

"हे कदी उघडतात?"

मी पेटीवरची वेळ वाचली. "तीन वाजता."

"मंग बसू," ती म्हणाली, आणि पोस्टाच्या पायरीवर बसली. तीन वाजायला अजून सवा तास होता. मी तिच्या शेजारी, उन्हाच्या बाजूला बसलो.